आरोग्य व आर्थिक विषमतेचे अवकाशीय विश्लेषण

लोकांचे आरोग्य, त्यांचे उत्पन्न व त्यांना उपलब्ध असलेल्या सोयी यांत स्थलपरत्वे आढळणारे फरक मोजणे, ते नकाशावर मांडणे व त्यांमागील कारणांचा शोध घेणे, या अभ्यासपद्धतीस विषमतेचे अवकाशीय विश्लेषण असे म्हणतात. येथे ‘अवकाश’ या संज्ञेने अंतराळ अभिप्रेत नसून भूपृष्ठावरील स्थान, विस्तार व अंतर ही अभिप्रेत आहेत. सर्वसाधारण सांख्यिकीय अभ्यासात प्रत्येक निरीक्षण इतरांपासून स्वतंत्र मानले जाते. अवकाशीय विश्लेषणात मात्र कोणता तालुका कोणत्या तालुक्याला लागून आहे, रुग्णालय किती दूर आहे, वाटेत नदी किंवा घाट आहे काय, या बाबी सामग्रीचाच भाग ठरतात. भूगोल, सांख्यिकी, साथरोगविज्ञान व अर्थशास्त्र या चार शास्त्रांच्या सीमेवर हा विषय येतो. निधी, रुग्णालये व कर्मचारी यांचे वाटप प्रशासकीय विभागांनुसार होत असल्यामुळे सरासरी कोणत्या विभागासाठी काढली, यावर एखाद्या प्रदेशाचे मागासलेपण उघड होणार की झाकले जाणार, हे अवलंबून असते. या विषयाचे व्यावहारिक महत्त्व मुख्यतः यात आहे.

ऐतिहासिक आढावा : या पद्धतीचे सर्वपरिचित आरंभीचे उदाहरण म्हणजे इंग्रज वैद्य जॉन स्नो (१८१३–५८) यांचा पटकीविषयीचा अभ्यास होय. ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची तीव्र साथ उद्‌भवली व दहा दिवसांत पाचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. स्नो यांनी मृत्यूंची घरे नकाशावर दाखविली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली दिसली. नियमाला अपवाद वाटणारी स्थळेही त्यांनी तपासली. जवळच्या अनाथाश्रयात ५३५ रहिवासी असूनही तेथे पटकीने केवळ ५ मृत्यू झाले. त्या संस्थेची स्वतःची विहीर होती. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. तोपर्यंत साथ ओसरू लागली होती व बरेच रहिवासी भाग सोडून गेले होते. त्यामुळे दांडा काढल्यानेच साथ थांबली, असे म्हणता येत नाही.

स्नो यांचा अधिक निर्णायक पुरावा नकाशाच्या पुढचा होता. दक्षिण लंडनमध्ये एकाच रस्त्यावरील घरांना दोन वेगवेगळ्या कंपन्या पाणी पुरवीत. त्यांपैकी लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा टेम्स नदीच्या वरच्या, स्वच्छ भागात नेला होता. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराचे सांडपाणी मिसळलेले पाणीच पुरवीत राहिली. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५. लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू झाले, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३७. शेजार, हवा व राहणीमान सारखे असताना केवळ पाण्याचा स्रोत भिन्न होता. नकाशा प्रश्न उभा करतो, परंतु त्याचे उत्तर तुलनेतून मिळवावे लागते, हे या विषयातील मूलभूत तत्त्व या उदाहरणात स्पष्ट होते.

आर्थिक स्थितीच्या नकाशालेखनाचा पाया चार्ल्स बूथ (१८४०–१९१६) यांनी घातला. १८८९ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लंडनविषयक पाहणीत शहरातील रस्त्यांना तेथील रहिवाशांच्या आर्थिक स्थितीनुसार सात रंग दिलेले होते. काळा रंग सर्वांत हलाखीच्या आणि पिवळा सर्वांत संपन्न वस्तीचा. लंडनची सु. ३० टक्के लोकसंख्या दारिद्र्यात राहते, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळी धक्कादायक ठरला. भारतात १९६१ च्या जनगणनेच्या निमित्ताने अशोक मित्र यांनी देशातील जिल्ह्यांची विकासपातळीनुसार चार गटांत वर्गवारी केली. राज्याऐवजी जिल्हा हा घटक धरून केलेला हा देशव्यापी स्वरूपाचा महत्त्वाचा प्रयत्न होय.

सामग्री व नकाशे : विश्लेषणाची पहिली पायरी म्हणजे घटनांच्या संख्येचे दरात रूपांतर. लोकसंख्या जास्त तेथे मृत्यूही जास्त असणारच. म्हणून मृत्यूंची संख्या जन्मांच्या अथवा लोकसंख्येच्या प्रमाणात सांगावी लागते, आणि वयोरचना भिन्न असल्यास त्यानुसार दर प्रमाणित करावा लागतो. लहान घटकांच्या बाबतीत या दरांवर मोठा विश्वास ठेवता येत नाही. ज्या गावात वर्षाला ४० जन्म होतात, तेथे एका अर्भकाचा मृत्यू झाला, तर दर हजारी २५ होतो. दोन झाले, तर ५०. परिस्थितीत काहीही बदल न होता गाव एका वर्षात नकाशाच्या सर्वांत फिक्या छटेतून सर्वांत गडद छटेत जाऊ शकते. यावर उपाय म्हणून अनेक वर्षांची सामग्री एकत्र करतात किंवा शेजारच्या घटकांची माहिती विचारात घेऊन दर ‘सौम्य’ करतात.

विषमता दाखविण्यासाठी प्रायः क्षेत्रघनी नकाशे वापरतात. त्यांत प्रत्येक विभाग त्याच्या मूल्यानुसार फिक्या वा गडद छटेने भरलेला असतो. हे नकाशे वाचण्यास सोपे असले, तरी दिशाभूल करू शकतात. मूल्यांचे गट समान अंतराने पाडले किंवा प्रत्येक गटात सारख्याच संख्येचे विभाग घातले, तर एकाच सामग्रीचे दोन भिन्न नकाशे तयार होतात. शिवाय डोळ्यांना क्षेत्रफळ दिसते, माणसे दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याच्या सु. १४,४०० चौ. किमी. क्षेत्रात सु. १०·७ लाख लोक राहत होते, तर बृहन्मुंबईच्या सु. ६०० चौ. किमी. क्षेत्रात सु. १·२४ कोटी. राज्याच्या नकाशावर बृहन्मुंबई हा ठिपका ठरतो आणि त्या ठिपक्याच्या आत असलेली झोपडपट्टी व इतर वस्ती यांच्यातील तफावत मुळीच दिसत नाही.

सामग्रीची उणीव हा सर्वांत गंभीर दोष होय. जेथे आरोग्यसेवा दुर्बल तेथे मृत्यूंची नोंदही दुर्बल असते. घरी जन्मलेले व पहिल्या आठवड्यातच दगावलेले अर्भक बहुधा ना जन्मनोंदीत येते, ना मृत्युनोंदीत. अशा प्रदेशाचा नोंदीवर आधारलेला दर कमी दिसून तो आरोग्यसंपन्न भासतो. भारतातील नमुना नोंदणी पद्धतीचे अंदाज राज्याच्या पातळीवर विश्वसनीय असतात. २०२० मध्ये त्यांनुसार अर्भक-मृत्युमान देशात हजारी २८, महाराष्ट्रात १६ व केरळात ६ होते. तथापि राज्याच्या आतील भेद त्यांतून कळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२–९३ मध्ये सुरू झाली. परंतु तिच्यात देशातील सर्व जिल्ह्यांचे अंदाज प्रथम २०१५–१६ च्या चौथ्या फेरीत (६४० जिल्हे) मिळाले व २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत ते ७०७ जिल्ह्यांसाठी देण्यात आले. तालुक्याच्या पातळीवर प्रत्यक्ष अंदाज या पाहणीतून मिळत नाहीत.

शेजारधर्म व स्वसहसंबंध : जवळची स्थळे दूरच्या स्थळांपेक्षा परस्परांशी अधिक साम्य दाखवितात, हे तत्त्व अमेरिकन भूगोलज्ञ वॉल्डो टोब्लर (१९३०–२०१८) यांनी १९७० मध्ये सूत्ररूपाने मांडले. या साम्याला अवकाशीय स्वसहसंबंध म्हणतात. तो मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियन सांख्यिक पॅट्रिक मोरान (१९१७–८८) यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक सर्वाधिक वापरात आहे. प्रत्येक विभागाचे मूल्य एकूण सरासरीपासून किती दूर आहे, हे काढून त्याची त्याच्या शेजाऱ्यांच्या अशाच विचलनाशी तुलना करण्यात येते. समान मूल्यांचे विभाग एकमेकांना लागून असल्यास निर्देशांक धन येतो. विभागांची मांडणी यादृच्छिक असल्यास तो शून्याच्या जवळपास असतो. आणि बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे उच्च व नीच मूल्ये आलटून पालटून आल्यास तो ऋण होतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ लूक अँसेलिन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या स्थानिक निर्देशांकांमुळे प्रत्यक्ष कोणते विभाग मिळून समूह बनतो, हेही सांगता येऊ लागले.

या गणिताचा धोरणाशी थेट संबंध आहे. एखादाच तालुका मागास असून त्याभोवतीचे तालुके पुढारलेले असतील, तर कारण बहुधा स्थानिक असते : बंद पडलेले रुग्णालय, दूषित जलस्रोत, न झालेला रस्ता इत्यादी. मागास तालुक्यांचा सलग पट्टा आढळल्यास कारण त्या सर्वांना व्यापणारे असते. सातपुड्यातील धडगाव व अक्कलकुवा हे नंदुरबार जिल्ह्यातील तालुके आणि त्यांच्या पलीकडचा मध्य प्रदेशातील बडवानी जिल्हा यांचा डोंगराळ प्रदेश, आदिवासी वस्ती, कोरडवाहू शेती व हंगामी स्थलांतर एकसारखे आहे. राज्याच्या सीमेपाशी संपणारा नकाशा असा पट्टा मधोमध कापतो व त्याची व्याप्ती प्रत्यक्षाहून लहान दाखवितो.

घटकाची निवड : तीच सामग्री वेगळ्या सीमांनी गोळा केली असता निष्कर्ष बदलतात. ब्रिटिश भूगोलज्ञ स्टॅन ओपनशॉ यांनी १९८४ मध्ये या समस्येचे सविस्तर विवेचन केले. महाराष्ट्रातील ठाणे जिल्हा हे तिचे ठळक उदाहरण होय. २०११ च्या जनगणनेत हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता (सु. १·१ कोटी). ठाणे, कल्याण, भिवंडी, नवी मुंबई यांसारखी औद्योगिक शहरे त्यात असल्याने तो राज्यातील संपन्न जिल्ह्यांत गणला जाई. त्याच जिल्ह्यातील जव्हार तालुक्याच्या वावर-वांगणी भागात १९९२ मध्ये कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंनी राज्याचे लक्ष वेधले होते. अविभक्त जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. १४ टक्के होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याच जनगणनेच्या आकड्यांनुसार नव्या जिल्ह्यात हे प्रमाण सु. ३७ टक्के निघाले. एकाही माणसाचे स्थान न बदलता केवळ सीमारेषेमुळे आकडेवारीत एक आदिवासीबहुल प्रदेश दिसू लागला. पालघर जिल्ह्यातही वसई-विरार ही दाट नागरी वस्ती आणि जव्हार-मोखाडा हे डोंगरी तालुके एकत्रच आहेत. त्यामुळे जिल्ह्याची सरासरी अजूनही दोहोंपैकी एकाचेही खरे वर्णन करीत नाही. अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीचा संत्र्यांचा बागायती पट्टा आणि मेळघाटातील धारणी व चिखलदरा हे तालुके यांच्या बाबतीतही हेच घडते.

याच्या उलट, विभागांवरून व्यक्तींविषयी अनुमान काढणेही धोक्याचे असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये तेथील १९३० च्या जनगणनेच्या आधारे हे दाखवून दिले. परदेशात जन्मलेल्या व्यक्ती इतरांच्या मानाने किंचित अधिक निरक्षर होत्या (सहसंबंध ०·११८). परंतु राज्य हा घटक धरला असता परदेशजात लोकांचे प्रमाण जेथे जास्त तेथे निरक्षरता कमी आढळली (सहसंबंध –०·५२६). स्थलांतरित लोक अधिक साक्षर राज्यांत स्थायिक झाले होते, एवढेच त्याचे कारण होते. तेव्हा ‘गरीब जिल्ह्यांत कुपोषण अधिक’ या विधानावरून कुपोषित बालके गरीब कुटुंबांतीलच आहेत, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी कुटुंबपातळीवरील माहिती हवी.

अंतर व सेवांची उपलब्धता : सेवाकेंद्रांचे निकष भारतात लोकसंख्येवर आधारलेले आहेत. सपाट प्रदेशात ३०,००० व डोंगरी वा आदिवासी प्रदेशात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा दंडक आहे. तो वरकरणी आदिवासी भागास अनुकूल दिसतो. परंतु २०११ मध्ये राज्याची लोकसंख्येची सरासरी घनता दर चौ. किमी.स ३६५ व गडचिरोलीची ७४ होती. त्यानुसार राज्याच्या सरासरी घनतेच्या प्रदेशात एका केंद्राच्या वाट्यास सु. ८२ चौ. किमी. क्षेत्र येते, तर गडचिरोलीत सवलतीचा निकष लावूनही सु. २७० चौ. किमी. येते. हे क्षेत्र वर्तुळाकार मानल्यास त्याच्या कडेवरील गावाचे सरळ रेषेतील अंतर पहिल्या ठिकाणी सु. ५ किमी. व दुसऱ्या ठिकाणी ९ किमी.हून अधिक भरते. प्रत्यक्ष वाट याहून लांब असते. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वारंवार घडलेले आहेत. म्हणून आधुनिक अभ्यासात अंतराऐवजी प्रवासाला लागणारा वेळ, तोही ऋतुमानानुसार, मोजला जातो. भौगोलिक माहिती प्रणाली व उपग्रहांवरून केलेले दूरस्थ संवेदन यांमुळे रस्ते, उतार व नद्या विचारात घेऊन असे नकाशे तयार करणे आता शक्य झाले आहे.

जेथे आरोग्यसेवेची गरज सर्वाधिक तेथेच ती सर्वांत कमी मिळते, असा नियम वेल्समधील वैद्य ज्युलियन ट्यूडर हार्ट (१९२७–२०१८) यांनी १९७१ मध्ये मांडला. बाजारावर सोपविलेल्या सेवेच्या बाबतीत तो अधिक लागू पडतो, असेही त्यांनी नमूद केले. अंतराची अडचण रुग्णालये बांधूनच दूर होते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याची योजना राबविली व ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. योजनेच्या गावांत नवजात मृत्युमान हजारी ६२ वरून सु. २५ पर्यंत उतरले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात स्नो यांच्या अभ्यासाप्रमाणेच सारख्या परिस्थितीतील गावांची तुलना हा निष्कर्षाचा आधार होता.

आर्थिक विषमता व अनुशेष : प्रादेशिक आर्थिक विषमता आपोआप कमी होत नाही, असे मत स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मीर्दाल (१८९८–१९८७) यांनी १९५७ मध्ये मांडले. पुढारलेला प्रदेश भांडवल, कुशल कामगार व तरुण मनुष्यबळ आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे मागास प्रदेशाची कर देण्याची व सेवा उभारण्याची क्षमता आणखी घटते. विकास बाहेर पसरविणारे प्रभाव या ओढीपेक्षा प्रबळ नसतील, तर दरी रुंदावत जाते.

महाराष्ट्रात ही दरी पैशांत मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न वि. म. दांडेकर (१९२०–९५) यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने केला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्यसेवा, पाणीपुरवठा इ. क्षेत्रांत राज्याची सरासरी हा मापदंड धरून जो जिल्हा त्याखाली असेल, त्याची तूट भरून काढण्यास लागणारा खर्च समितीने काढला व त्यास ‘अनुशेष’ ही संज्ञा रूढ झाली. १९८४ च्या अहवालानुसार एकूण अनुशेष सु. ३,१८७ कोटी रुपयांचा होता; त्यात विदर्भाचा वाटा सु. ३९ टक्के, मराठवाड्याचा सु. २४ टक्के व उर्वरित महाराष्ट्राचा सु. ३७ टक्के होता. पुढे संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदान्वये १९९४ मध्ये तिन्ही विभागांसाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

अनुशेषाच्या मोजमापाने प्रादेशिक वादाला आकड्यांचा आधार दिला, हे त्याचे मोठे श्रेय. तथापि त्यात मुख्यतः भौतिक सुविधा मोजल्या जातात, परिणाम नव्हेत. इमारत व खाटा असल्या, पण वैद्याचे पद रिकामे असले, तर अनुशेष भरून निघतो; आरोग्य मात्र सुधारत नाही. शिवाय जिल्हा हा घटक असल्यामुळे जव्हार, धारणी यांसारख्या तालुक्यांची तूट जिल्ह्याच्या सरासरीत विरून जाते.

आरोग्य व उत्पन्न यांचा परस्परसंबंध : दोन्हींचे नकाशे बव्हंशी जुळत असले, तरी त्यांतील अपवाद महत्त्वाचे असतात. ० ते ६ वर्षे वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ होती. ती २०११ मध्ये ८९४ झाली. गडचिरोलीत ती २०११ मध्ये सु. ९६० होती; उलट सहकारी साखर कारखानदारी व बागायत यांनी संपन्न झालेल्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ मध्ये ती ८४० च्याही खाली होती. गर्भलिंगनिदानासाठी तंत्र व पैसा दोन्ही लागतात. त्यामुळे येथे सुबत्तेने विषमता कमी न होता तिला साधन मिळाले. मात्र केवळ सुबत्ता हेही पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. २०११ मध्ये राज्यात सर्वांत कमी, सु. ८०७, हे प्रमाण बीड या अवर्षणप्रवण जिल्ह्यात होते.

बीड जिल्ह्यामुळे आणखी एक प्रश्न पुढे येतो. तेथील लाखो ऊसतोड मजूर वर्षातील सु. सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात राहतात. त्यांची गणना एका जिल्ह्यात व आरोग्याची हानी दुसऱ्या जिल्ह्यात होते. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी तक्रारी आल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली. या प्रश्नाची कारणे शस्त्रक्रिया होणाऱ्या गावात जितकी, तितकीच उसाच्या फडावरील कामाच्या अटींत शोधावी लागतात. स्थायी निवास गृहीत धरणारा नकाशा त्यांचा संबंध जोडू शकत नाही.

उपयोग व मर्यादा : २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू केला. त्याखालील ११२ जिल्ह्यांत महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशिम व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे जिल्हे होते. जानेवारी २०२३ पासून त्याच धर्तीवर देशातील ५०० विकासगटांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. घटक लहान करण्याची ही दिशा वरील विवेचनाशी सुसंगत आहे. मात्र घटक जितका लहान, तितकी सामग्री तोकडी व दर अस्थिर. तेव्हा जन्म-मृत्यूंची पूर्ण व स्थानासहित नोंद हीच या विश्लेषणाची खरी पूर्वअट ठरते. प्रगत गणिती पद्धती अपुऱ्या नोंदींची जागा घेऊ शकत नाहीत. घरांचे अचूक स्थान नोंदविताना रुग्णांची ओळख उघड होणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. अवकाशीय विश्लेषणाने विषमता कोठे आहे व किती आहे, हे कळते आणि ती कशामुळे असावी, याविषयी तपासण्याजोगे तर्क मिळतात. कोणती तूट आधी व कोणाच्या खर्चाने भरून काढावी, याचा निर्णय मात्र राज्यकर्त्यांचा व लोकांचा असतो.